तुकयाबंधु : मुद्रेत राहिलेला भाऊ



हडपसरला दोन पालख्यांच्या वाटा वेगळ्या होतात हे वारकऱ्याला सांगायला नको. माउलींची पालखी दिवे घाटाकडे वळते आणि घाट चढून सासवडला उतरते. तुकोबारायांची पालखी सोलापूर रस्त्याने सरळ निघते आणि लोणी काळभोरला उतरते. पुण्यात नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबाच्या देवळातून हलल्यावर तुकोबांचा हा पहिला मुक्काम. शहरातली गर्दी, चहा-फराळाचे मांडव, दर्शनाची रेटारेटी हे सगळे मागे पडते. आता लोणीलाही शेतापेक्षा गोदामे जास्त झाली आहेत आणि रस्त्यावर तेलाच्या टँकरांची वर्दळ असते, परंतु संध्याकाळी दिंड्या उतरल्या, राहुट्या लागल्या, चुली पेटल्या की गाव गावासारखे दिसू लागते. रात्री कीर्तन होते, मग जागर. आम्हाला या मुक्कामी बसून बोलायला नेहमीच बरे वाटते.

आता दोन वाटांचा एक विचार पाहा. सासवडला कोण आहेत? सोपानकाका. म्हणजे माउली दरवर्षी पंढरीला जाताना धाकट्या भावाच्या समाधीपाशी मुक्काम करतात. भाऊ भावाला भेटतो. घाट चढून आलेल्या वारकऱ्याला तेथे हात टेकायला दगड आहे, डोके ठेवायला पायरी आहे. लोणीच्या वाटेवर तसे काही नाही. आणि तुकोबांची स्वतःची समाधी तर कोठेच नाही. देहूला वैकुंठगमनाची जागा आहे, नांदुरकीचे झाड आहे, पण समाधी नाही, कारण महाराज सदेह गेले अशी आपली श्रद्धा आहे. मग तुकोबांनाही एक धाकटा भाऊ होता, त्याची भेट कोठे होते?

ती गाथेत होते. यंदा आम्ही त्याच भावाविषयी चार शब्द लिहिणार आहोत, आणि त्याला एक कारण घडले.

लोणीच्या मुक्कामी कीर्तन संपल्यावर एक गृहस्थ आमच्याजवळ येऊन बसले. वयाने आमच्याहून मोठे, गळ्यात माळ, कपाळी बुक्का, हात शेतकऱ्याचे. म्हणाले, "महाराज, धाकला भाऊ गेला. वरीस व्हायला आलं. भजनाला बसलो की डोळं भरून येत्यात, तोंडातून शब्द निघत न्हाई. आमच्यातले जाणते म्हणत्यात, माळकऱ्याला हे शोभत न्हाई, देह नाशिवंत हाय. ते खोटं न्हाई. पण मग म्या काय करावं?"

प्रश्न साधा होता, पण आम्ही लगेच उत्तर दिले नाही. कारण जाणते लोक म्हणतात त्याला शास्त्राचा आधार आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भगवंत अर्जुनाला हेच बजावतात की जाणते लोक गेलेल्याचा शोक करीत नाहीत. माउलींनी त्या ठिकाणी टीका केली ती आपण पारायणात दरवर्षी वाचतो. आत्मा मरत नाही, देह राहात नाही, मग रडायचे कोणासाठी? हा सिद्धांत आम्ही मानतो. परंतु सिद्धांत तोंडाने सांगणाऱ्यांची आणि ज्यांनी तो जगून दाखवला त्यांची वागणूक एकच होती काय, हे एकदा पाहिले पाहिजे. म्हणून आम्ही त्या गृहस्थांना कान्होबांची गोष्ट सांगितली. तीच येथे जरा विस्ताराने मांडतो.

बोल्होबा आणि कनकाई यांना तीन मुलगे. थोरले सावजी, मधले तुकोबा, धाकटे कान्होबा. सावजींची पत्नी वारली तेव्हा त्यांचे मन संसारातून उडाले आणि ते तीर्थाटनाला निघून गेले. आईवडील गेले. १६३० च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला, त्यात तुकोबांची पहिली पत्नी रखुमाबाई गेली, मुलगा संतोबा गेला. दुकान बसले. राहिले ते दोन भाऊ. पुढची हकीकत महिपतिबोवांच्या ग्रंथामुळे सर्वांना ठाऊक आहे : बापाच्या वेळची लोकांकडची येणी होती, त्यांची खतपत्रे होती. तुकोबांनी ती इंद्रायणीत बुडवायला काढली. कान्होबा म्हणाले, दादा, तुम्ही साधू झालात, मला लेकरेबाळे आहेत. तुकोबांना ते पटले. अर्धी खते भावाच्या हाती दिली आणि आपली अर्धी पाण्यात सोडली.

कीर्तनात ही कथा आली की कान्होबा जरा लहान दिसतात. देवाकडे गेलेला एक भाऊ, आणि कागद कवटाळून बसलेला दुसरा. आम्हाला हे बरोबर वाटत नाही. पदरात पोरे असलेल्या माणसाने आपला वाटा मागितला यात वावगे काय? आणि तुकोबांनी तरी त्याला उपदेश केला नाही, वाटा दिला. दोघांचे भांडण झाल्याचे कोठे ऐकिवात नाही. उलट पुढे कान्होबा भावाच्या कीर्तनात उभे राहिले आणि स्वतःही अभंग करू लागले.

शके १५७१ च्या फाल्गुन वद्य द्वितीयेला, म्हणजे १६५० साली, तुकोबा गेले. ज्या भावाच्या वाट्याला व्यवहार आला होता तोच त्या दिवसापासून काय बोलू लागला ते गाथेत आहे. ते अभंग आम्ही येथे उतरून देत नाही, ज्याने त्याने गाथा उघडून वाचावे. परंतु त्यात काय आहे ते सांगतो. त्यात हृदय दुभंगल्याचे सांगणे आहे. घरातली लेकरे आक्रोश करीत आहेत हे आहे. सखा म्हणून भावाला हाक आहे आणि असे का केलेस हा जाब आहे. मग कान्होबा भावाला सोडून देवाला धरतात. तुझी मुक्ती नको, तुझे ब्रह्मज्ञान नको, ऋद्धिसिद्धी तुझ्याजवळच राहू देत, आधी माझा भाऊ आणून दे, असा हट्ट धरतात. देवाला वाटेल तसे बोलतात. अखेर, भाऊ दिला नाहीस तर माझ्या जिवाची हत्या तुझ्या माथी येईल, असा धाक पांडुरंगाला घालतात.

कोणाला धाक घालतात हे ध्यानात घ्या. आणि हे शब्द कोणी गाळले नाहीत. तुकोबांचे टाळकरी होते, संताजी जगनाडे यांच्यासारखे लिहून घेणारे होते, पुढे देहूकरांची परंपरा झाली. यांपैकी कोणालाही वाटले असते की हा ब्रह्मज्ञानाचा अपमान आहे, माळकऱ्याला न शोभणारा शोक आहे, काढून टाकावा. काढला नाही. १८६९ आणि १८७३ साली मुंबईच्या इंदुप्रकाश छापखान्यातून गाथा दोन भागांत छापून निघाली, त्या काळच्या सरकारने त्याला साहाय्य केले होते. पुढे १९५० साली मुंबई सरकारने गाथा पुन्हा छापली. तुकोबांच्या गाथेच्या त्याच बांधणीत धाकट्या भावाचा आक्रोश आहे. संप्रदायाने त्याला पावणेचारशे वर्षे जागा दिली. तेव्हा रडू नये असा संप्रदायाचा नियम आहे, असे आम्ही कसे म्हणावे?

कोणी म्हणेल, कान्होबा प्रापंचिक होते, त्यांचे सोडा. ठीक. मग निवृत्तिनाथांचे काय?

शके १२१८, कार्तिक वद्य त्रयोदशी, आळंदी. म्हणजे सन १२९६. ज्ञानदेवांचे वय एकवीस. त्या प्रसंगाचे अभंग नामदेवरायांच्या नावे आहेत, आणि समाधीचे प्रकरण म्हणून आपण ते ओळखतो. त्यात नामदेवांचे चार मुलगे, नारा, विठा, गोंदा, महादा, समाधीची जागा झाडतात. एवढा मोठा प्रसंग, साधुसंतांची मांदियाळी जमलेली, देव स्वतः आलेले, आणि अभंगात कोण झाडू मारीत होते ते आले आहे! घरातले माणूस जाते तेव्हा असेच होते, नाही का? कोणी काय म्हटले ते विसरते आणि कोणी सारवण केले, कोणी पाणी भरले ते आठवते. आणि मग निवृत्तिनाथ. ते केवळ थोरले भाऊ नव्हेत, ते गुरू. ज्ञानेश्वरीच्या पानापानावर ज्यांच्या कृपेचे वर्णन आहे ते. त्यांनी शिष्याला, भावाला हाताला धरून आत नेले, शिळा लावली, आणि बाहेर आल्यावर त्यांचा बांध फुटला. ज्ञान देणाराच रडला आणि नामदेवांनी ते झाकून ठेवले नाही.

पुढे काय झाले ते सर्वश्रुत आहे. सोपानकाका मार्गशीर्षात सासवडला, मुक्ताबाई वैशाखात तापीकाठी, निवृत्तिनाथ ज्येष्ठात त्र्यंबकेश्वरी. आठ महिन्यांच्या आत चारी भावंडे गेली. नामदेवराय राहिले. किती वर्षे? १३५० साली त्यांनी पंढरीला महाद्वारी देह ठेवला असे मानतात, म्हणजे चौपन्न वर्षे. एकविसाव्या वर्षी गेलेल्या सोबत्याची आठवण घेऊन माणूस चौपन्न वर्षे जगतो, उत्तरेत पंजाबापर्यंत जातो, परत येतो. आजही आळंदीला कार्तिक वद्य त्रयोदशीला नामदेवरायांच्या वंशातले नामदास महाराज समाधीचे कीर्तन करतात. २०२१ साली त्या प्रसंगाला ७२५ वर्षे झाली. ज्यांनी ते कीर्तन ऐकले त्यांना विचारा. दुपारी घंटा वाजते, फुले उधळली जातात, आणि विणा धरलेल्या माणसापासून शेवटच्या रांगेतल्या पोरापर्यंत सगळ्यांचे डोळे पाण्याने भरलेले असतात. त्यांच्यातल्या एकानेही ज्ञानदेवांना पाहिलेले नाही. सव्वासातशे वर्षांपूर्वी गेलेल्या मुलासाठी आज माणसे रडतात, हे काम दगडाने झालेले नाही. समाधी पाहून माणूस हात जोडतो. रडू येते ते अभंगाने.

असो. आता कान्होबांकडे परत येऊ, कारण खरे सांगायचे ते अजून सांगितलेलेच नाही.

अभंगाच्या शेवटी कर्त्याचे नाव येते, त्याला आपण मुद्रा म्हणतो. तुकोबा आपले नाव घालतात, नामदेव आपले घालतात. कान्होबांनी स्वतःचे नाव घातले नाही. त्यांची मुद्रा आहे 'तुकयाबंधु'. म्हणजे तुकयाचा भाऊ. स्वतःची ओळख एवढीच. एखाद्या अडाणी माणसाला हे कमीपणाचे वाटेल. थोरल्याच्या नावावर धाकटा जगला असे तो म्हणेल. आम्ही याच्याकडे निराळ्या दृष्टीने पाहतो. भाऊ गेला म्हणजे काय जाते? देह जातो हे खरेच. परंतु माझ्यातले आणखी एक काहीतरी जाते : मी त्याचा भाऊ होतो, ते जाते. बायको गेली की नवरेपण जाते, आई गेली की कोणी 'बाळा' म्हणून हाक मारीत नाही आणि माणूस एकदम म्हातारा होतो. गेलेल्याची आठवण राहते, पण नाते राहात नाही, कारण नात्याला दोघे लागतात. कान्होबांनी ते नातेच मुद्रेत घातले. आता तो अभंग ज्या ज्या वेळी कोणी म्हणेल त्या त्या वेळी तुकोबा कोणाचे तरी भाऊ असतील आणि कान्होबा तुकोबांचे भाऊ असतील. भाऊपण मोडलेच नाही.

ही केवळ कान्होबांची युक्ती नव्हे. संतांच्या घरोघरी हे सापडते. सोयराबाई आपल्या अभंगात स्वतःला चोख्याची म्हणवून घेते. मुलगा कर्ममेळा आपल्या मुद्रेत बापाचे नाव आधी घालतो. जनाबाई नामयाची दासी म्हणून उभी राहते. चोखोबांच्या घरचे तर विशेष ध्यानात ठेवण्यासारखे आहे. मंगळवेढ्याला गावकुसाच्या कामावर वेठीने राबताना कूस ढासळले आणि मजुरांसह चोखोबा खाली सापडले. सन १३३८. परंपरा सांगते की नामदेवराय तेथे गेले आणि ढिगाऱ्यातल्या ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या चोखोबांच्या म्हणून पंढरीला आणल्या. समाधी महाद्वारासमोर, देवळाच्या बाहेर, कारण आत यायला बंदी होती. ती बंदी उठावी म्हणून १९४७ साली साने गुरुजींना उपोषण करावे लागले, म्हणजे चोखोबा गेल्यावर सहाशे वर्षांनी. या सहाशे वर्षांत देवळाचे दार त्यांना बंद होते, पण भजनाचे दार बंद करता आले नाही. चोखोबांचे अभंग चालू राहिले आणि त्यांच्या घरच्यांच्या मुद्रेतून बापाचे, नवऱ्याचे नाव घेतले जात राहिले. त्याच कुसाखाली दुसरेही मजूर गेले होते. त्यांची नावे आज कोणाला ठाऊक नाहीत. त्यांच्या घरीही रडणारे होतेच, पण त्यांचे शब्द कोणी म्हटले नाहीत.

येथे एक गोष्ट बजावून सांगितली पाहिजे. संतांच्या या अभंगांत खोटे नाही. हल्ली माणूस गेले की आपण त्याला एकदम देवमाणूस करून टाकतो. सोलापूर रस्त्याने लोणीपर्यंत चालत या. चौकाचौकांत श्रद्धांजलीचे फ्लेक्स लागलेले दिसतील. फोटो, खाली विशेषणांची रांग, आणि त्याच्या खाली शोकाकुल मंडळींची नावे, ती गेलेल्याच्या नावाहून ठळक. तेराव्यानंतर तो फ्लेक्स निघतो, आणि पावसाळ्यात तोच कापडासारखा एखाद्या गोठ्यावर घातलेला दिसतो. आम्ही कोणाला नावे ठेवीत नाही. दुःखात माणूस सुचेल ते करतो. परंतु त्या विशेषणांत गेलेला माणूस ओळखू येत नाही. तोच मजकूर दुसऱ्याच्या फोटोखालीही चालतो.

तुकोबांनी रखुमाबाईंविषयी काय सांगितले ते आठवा. दुष्काळाने पैसा नेला, मान नेला, आणि घरची बाई अन्नावाचून गेली, त्याची लाज वाटली, असे ते आपल्या अभंगात सांगतात. बस. तिचे नावसुद्धा त्या अभंगात नाही. ती सती होती, साध्वी होती, अन्नपूर्णा होती यातले काही नाही. वाण्याचे घर, धान्याचा व्यापार, आणि त्या घरातली सून उपाशी मेली. ही गोष्ट कोणीही लपवली असती. तुकोबांनी ती अभंगात घातली आणि म्हणूनच दम्याने आणि भुकेने गेलेली ती देहूची मुलगी आज आपल्याला सोडून जात नाही. तिच्यावर दहा विशेषणे लावली असती तर ती केव्हाच विसरली असती.

संत बहिणाबाईंनी तर एका वासराची आठवण ठेवली. बहिणाबाईंचा काळ १६२८ ते १७००. लहान वयात लग्न झालेले, नवरा वयाने फार मोठा आणि तापट. कोल्हापुरास असताना घरी एक कपिला गाय आणि तिचे वासरू. ते वासरू या पोरीच्या मागे मागे फिरे, जयरामस्वामींच्या कीर्तनालाही तिच्याबरोबर जाई. गर्दीत वासराला बाहेर काढले तर ते हंबरू लागले, तेव्हा स्वामींनी त्याला आत घेतले. पुढे वासरू गेले. बहिणाबाई मूर्च्छित पडल्या, आणि त्या दुःखातच त्यांना स्वप्नात तुकोबांचे दर्शन झाले. हे सगळे त्यांनी आपल्या आत्मचरित्राच्या अभंगांत लिहून ठेवले. विचार करा, त्या काळचे किती सरदार, किती देशमुख विसरले गेले, आणि ते वासरू साडेतीनशे वर्षांहून अधिक काळ अजून कीर्तनात बसलेले आहे!

आता कोणी म्हणेल, महाराज, हे संतांचे झाले. आम्हाला कोठे अभंग करता येतात? लोणीच्या त्या गृहस्थांनीही नेमके हेच विचारले. "मला चार वळी जुळवता येत न्हाईत," म्हणाले.

त्यांना आम्ही नारायणबाबांची गोष्ट सांगितली. तुकोबा गेले तेव्हा जिजाबाई गरोदर होत्या. नारायणबाबांचा जन्म पुढचा. म्हणजे बापाचे तोंड पाहिले नाही, आवाज ऐकला नाही, मांडीवर बसले नाहीत. त्यांना बाप कसा कळला असेल? आईने सांगितले असेल, काका कान्होबांनी सांगितले असेल. आणि अभंगांतून कळला. दुसऱ्यांच्या तोंडून बापाचे शब्द ऐकत हा मुलगा वाढला. मोठेपणी, १६८५ साली, त्यांनी तुकोबांच्या पादुका पालखीत घातल्या, आळंदीहून माउलींच्या पादुकाही घेतल्या आणि वारीचा सोहळा सुरू केला. 'ज्ञानोबा तुकाराम' हे भजन तेव्हापासून एकत्र घुमू लागले. पुढे एकोणिसाव्या शतकात हैबतबाबांनी माउलींचा सोहळा स्वतंत्र केला, आणि म्हणून आज हडपसरला वाटा वेगळ्या होतात. नारायणबाबांची कीर्ती अभंगकर्ते म्हणून नाही. त्यांनी बापाचे शब्द चालवले, पायी चालवले. आज लोणीला जी पालखी उतरते ती बापाला न पाहिलेल्या मुलाने काढलेली पालखी आहे.

तेव्हा अभंग करता आलाच पाहिजे असे नाही. म्हणता आला पाहिजे, आणि दुसऱ्याला शिकवता आला पाहिजे.

याचे एक उदाहरण आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. एका दिंडीत एक आजी आहेत, डोक्यावर तुळस घेऊन चालतात. त्यांचे यजमान त्याच दिंडीत टाळकरी होते. दम्याची व्यथा होती, तरी वारी चुकवीत नसत. हरिपाठाच्या एका चरणात त्यांना मधेच श्वास घ्यावा लागे, चाल मोडे, पुढचे टाळकरी थांबून घेत आणि मग सगळे मिळून पुढे जात. ते गेले. आजी हरिपाठ म्हणतात तेव्हा त्याच जागी थांबतात. त्यांना दम लागत नाही, छातीही चांगली आहे, पण थांबतात. आणि गंमत अशी की दिंडीतली नवी पोरे त्यांच्यामागे उभी राहून शिकली, ती पोरेही तेथे थांबतात. त्यांना वाटते ही चालच अशी आहे. आम्ही एका पोराला विचारले, येथे का थांबलास? तो म्हणाला, "आमच्या फडाची पद्धत हाय." आजी ऐकत होत्या. हसल्या, आणि पदराने तोंड पुसले. पोराला त्यांनी काही सांगितले नाही. आम्हीही सांगितले नाही. त्या टाळकऱ्याचे नाव त्या पोरांना कदाचित माहीत नसेल, पण त्याचा श्वास त्यांच्या गळ्यात आहे आणि ती पोरे उद्या दुसऱ्यांना शिकवतील.

लोणीच्या गृहस्थांना आम्ही विचारले, भाऊ कोणता अभंग म्हणत असे? ते जरा गप्प राहिले. मग म्हणाले, म्हणत असे, पण आवाज फाटका होता, पोरे हसायची. आम्ही म्हटले, तोच म्हणा. त्यांनी सुरुवात केली. दुसऱ्या चरणाला गळा दाटला. आम्ही पखवाजवाल्याला खूण केली, त्याने ठेका धरून ठेवला, थांबवला नाही. शेजारच्या राहुटीतले दोघे-तिघे येऊन बसले आणि त्यांनी तो चरण उचलला. ज्या भावाला त्यांनी पाहिले नव्हते त्याचा अभंग त्यांनी पुरा केला. मुद्रा आली तेव्हा या गृहस्थांचा आवाज परत आला होता.

घरोघरी एवढे करता येण्यासारखे आहे. वर्षश्राद्धाला जे विधी करायचे ते करावेत, त्याविषयी आमचे काही म्हणणे नाही. पण त्या दिवशी संध्याकाळी गेलेल्याच्या आवडीचा एक अभंग घरात म्हणावा, आणि लहान पोरांना मुद्दाम म्हणायला लावावा. ते माणूस कसे म्हणत असे, कोठे चुकत असे, कोणता शब्द भलताच उच्चारत असे, तेही सांगावे. चूक सुधारून सांगू नये. आजोबा तापट होते तर तापट होते म्हणावे. आणि म्हणताना डोळे भरले तर भरू द्यावेत. बायकांच्या जात्यावरच्या ओव्या आता जाती गेल्यामुळे गेल्या, नाहीतर ही सोय आपल्या घरात पहाटेच होती. माहेरचा गेलेला भाऊ, लांब राहिलेली आई, सगळे त्या ओव्यांत येत असत. घरात कोणा म्हाताऱ्या बाईला अजून दहा-वीस येत असतील तर सवड काढून जवळ बसावे आणि लिहून घ्याव्यात. मोबाइलवर आवाज भरून ठेवला तरी चालेल, परंतु भरून ठेवलेला आवाज कोणी काढून ऐकत नाही, हा आमचा अनुभव आहे. पोराने तोंडपाठ केलेली एक ओवी त्याहून बरी.

कान्होबांचे हे अभंग बीजेच्या दिवसांत वाचण्याचा नेम पुष्कळ ठिकाणी नाही. तो करावा असे आम्ही सुचवतो. नेहमीच्या लहान पुस्तकांत हे सगळे अभंग मिळणार नाहीत, मोठी गाथा काढावी आणि तुकयाबंधु ही मुद्रा पाहात जावे. एकट्याने मनात वाचू नयेत, दोघांनी मोठ्याने म्हणावेत. भाऊ असेल तर त्याला बोलावून घ्यावे. दोघांचे बोलणे बंद असेल तर आधी बोलावे.

लोणीहून पहाटे पालखी हलली, उरुळी कांचनच्या रस्त्याला लागली. मुक्काम यवतला होता. चोपदारांचा दंड वर झाला आणि दिंड्या आपापल्या जागी लागल्या.